लोहगावचा हवाई तळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात, लोहगावशेजारच्या धानोरीत राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली. गावाकडून पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास एक प्रसंग घडतो. चहाचे कप हातात असतात, गप्पा चालू असतात आणि अचानक खिडकीच्या काचा थरथरायला लागतात. बोलणं अर्धवट सोडून सगळे गप्प बसतात. पंधरा-वीस सेकंदांनी आवाज सरतो, तेवढ्यात दुसरा सुरू होतो. मग विचारतात, "हे काय होतं हो?" लोहगावच्या हवाई तळावरची लढाऊ विमानं, असं सांगितलं की प्रश्नांची माळच लागते. दरवेळी तीच उत्तरं देत आलो, ती आता एकत्र लिहून ठेवतो.

हा तळ विमानतळाला लागून आहे का?

बहुतेकांचा समज असाच असतो की पुणे विमानतळ आधी झाला आणि हवाई दलाने शेजारी जागा घेतली. वस्तुस्थिती उलटी आहे. धावपट्टी हवाई दलाची आहे. विमानांना उतरायची आणि उडायची परवानगी देणारं नियंत्रणही हवाई दलाच्याच हातात आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे ती विमाननगरच्या अंगाची बाजू: टर्मिनल, प्रवासी विमानं उभी राहतात तो भाग आणि त्याची व्यवस्था. अशा जागेला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर वाडा हवाई दलाचा आणि ओसरी नागरी विमान वाहतुकीला दिलेली.

ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आपोआप सापडतात. विमानाला उशीर का होतो, इमारतीची उंची का अडते, फोटो का काढू देत नाहीत, सगळ्याचं मूळ इथे आहे.

हवाई दलाच्या रचनेत हे २ विंगचं ठाणं. ते दक्षिण-पश्चिम हवाई कमांडखाली येतं आणि या कमांडचं मुख्यालय गांधीनगरला आहे.

तळ कधी झाला? आणि लोहगावच का?

१९३९ साली, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने तो उभारला. हेतू मुंबईच्या हवाई संरक्षणाचा होता. दुसऱ्या महायुद्धाचं वर्ष, मुंबई म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं बंदर, आणि तिचं रक्षण करणारी विमानं मुंबईतच ठेवणं शहाणपणाचं नव्हे. घाट चढून आलं की पठार लागतं. जमीन सपाट, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर, पाऊस कोकणाच्या मानाने कितीतरी कमी. विमानाला मुंबई इथून काही मिनिटांवर, आणि समुद्रातून येणाऱ्या जहाजाच्या तोफेला मात्र हे ठिकाण हाताबाहेरचं. शिवाय पुणे छावणीचं गाव, म्हणजे लष्कराचा सगळा संसार आधीपासून इथे होताच. मला विचाराल तर जागेची निवड अगदी अचूक होती. आठ दशकं उलटली तरी ती बदलावी लागलेली नाही, यातच सगळं आलं.

युद्धाच्या काळात इथे मॉस्किटो आणि वेलिंग्टन ही बॉम्बफेकी विमानं होती, स्पिटफायर ही लढाऊ विमानं होती. मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी, तळ भारतीयांच्या ताब्यात आला.

लोहगावचा तुकाराम महाराजांशी काय संबंध? विमानतळाच्या नावाची चर्चा कशावरून निघाली?

लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. देहूहून ते इथे कीर्तनाला येत असत. त्यांचा द्वेष करणारा आणि पुढे त्यांचाच निस्सीम भक्त झालेला शिवबा कासार इथलाच, असं वारकरी परंपरा सांगते. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाला 'जगद्गुरू संत तुकाराम महाराज' यांचं नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला, त्यामागे हा आजोळाचा धागा आहे. धावपट्टीच्या कुंपणापलीकडे आजही हे गाव आहे, देवळं आहेत, हरिनाम सप्ताह होतो. बाहेरून आलेल्या माणसाला लोहगाव म्हणजे फक्त विमानतळ वाटतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

या तळावरून प्रत्यक्ष युद्धात विमानं उडाली आहेत का?

हो. आणि त्यातली गोव्याची कथा प्रत्येक पुणेकराला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर १९६१. देश स्वतंत्र होऊन चौदा वर्षं झाली होती आणि गोव्यावर अजून पोर्तुगीजांचा झेंडा होता. ऑपरेशन विजयची तयारी झाली. हवाई मोहिमेची सूत्रं एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती. हवाई दलाने दोन तळ हाताशी धरले, एक आपला लोहगाव आणि दुसरा बेळगावजवळचा सांबरा.

१८ डिसेंबरच्या सकाळी बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं गोव्याच्या दाबोळी विमानतळावर गेली. नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांचं. काही मिनिटांत ६३,००० पौंड, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस टन बॉम्ब दाबोळीच्या धावपट्टीवर पडले. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आठ कॅनबेरा पुन्हा त्याच लक्ष्यावर गेली. सहा हंटर लढाऊ विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं, त्यामुळे गोव्याचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला.

यातला बारकावा बघा. दोन्ही वेळा टर्मिनलच्या इमारतीला आणि इतर बांधकामांना धक्का लावला नाही. नेम फक्त धावपट्टीचा. आपलंच घर आहे, उद्या आपल्यालाच वापरायचं आहे, हे भान त्यात होतं. दाबोळीवर त्या वेळी दोन प्रवासी विमानं उभी होती, एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक डीसी-६. तीही वाचली. त्या रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा थोडा भाग घाईघाईने दुरुस्त केला आणि काही कुटुंबांना घेऊन ही दोन्ही विमानं निसटली. कुणी म्हणतं ही आपली चूक झाली. मला तसं वाटत नाही. बायकामुलांनी भरलेली विमानं जाऊ शकली, आणि युद्धाचा निकाल त्याने तसूभरही बदलला नाही. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

आज पुण्याहून गोव्याला जाणारं विमान दाबोळीला उतरतं तेव्हा त्या बारा कॅनबेरांची आठवण मला येतेच.

इथे आजवर कोणकोणती विमानं होती?

स्पिटफायरपासून सुखोईपर्यंत, असं एका वाक्यात सांगता येईल. कॅनबेरा १९५७ मध्ये हवाई दलात आलं आणि तब्बल पन्नास वर्षं, २००७ पर्यंत सेवेत राहिलं. १९८७ मध्ये मिग-२९ आलं, हवाई दलाने त्याचं नाव 'बाज' ठेवलं. २८ आणि ४७ या क्रमांकांच्या स्क्वाड्रन, म्हणजे विमानांच्या तुकड्या, त्यासाठी इथेच सज्ज झाल्या. त्याच सुमारास समुद्रावर हल्ला करू शकणारी खास जग्वार विमानंही इथे आली. म्हणजे १९३९ मध्ये मुंबईसाठी जे काम होतं, त्याचाच पुढचा धडा.

सुखोई आणि पुणे हे समीकरण कसं जुळलं?

नोव्हेंबर १९९६ मध्ये भारताने रशियाशी ५० सुखोई विमानांचा करार केला. पहिली विमानं होती सुखोई-३०के प्रकारची. ती जून १९९७ मध्ये याच तळावर २४ व्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. भारताच्या गरजेनुसार घडवलेली सुखोई-३० एमकेआय सप्टेंबर २००२ मध्ये इथेच आली आणि २० व्या स्क्वाड्रनला मिळाली. देशातल्या सुखोईचं पहिलं घर म्हणजे लोहगाव. पुढे या विमानांची बांधणी नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात सुरू झाली. ओझरलाच हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो आहे, तिथे त्यांची मोठी देखभाल होते. पुणे आणि नाशिक ही दोन नावं सुखोईच्या कुंडलीतच आहेत.

दोन राष्ट्रपती इथून सुखोईत बसून उडाले. ८ जून २००६ रोजी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम, लढाऊ विमानातून उड्डाण करणारे पहिले राष्ट्रपती. २५ नोव्हेंबर २००९ रोजी प्रतिभाताई पाटील, पहिल्या महिला राष्ट्रपती. गंमत अशी की उड्डाणाच्या दिवशी दोघांचंही वय ७४ होतं. जी-सूट घालून, हेल्मेट हातात घेऊन विमानाकडे चालत जाणाऱ्या प्रतिभाताईंचा फोटो आमच्या शेजारच्या आजींनी वर्तमानपत्रातून कापून देवघराशेजारी लावला होता. तो कितीतरी दिवस तिथे होता.

आवाज एवढा का होतो?

सुखोईला दोन इंजिनं असतात. प्रत्येक इंजिन पूर्ण जोर लावतं तेव्हा साधारण साडेबारा टनांचा रेटा देतं. उड्डाणाच्या वेळी आफ्टरबर्नर लावतात, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त झोतात आणखी इंधन फवारून पेटवतात. संध्याकाळी बघितलंत तर शेपटीमागे निळसर-नारिंगी ज्वाळा स्पष्ट दिसते. प्रवासी विमानाच्या इंजिनात गरम झोताभोवती थंड हवेचं जाड वेष्टण असतं, त्यामुळे आवाज दबतो. लढाऊ विमानात तेवढी जागा नसते. विमानं बहुतेक वेळा जोडीने जातात, म्हणून आवाज दोनदा येतो.

तान्हं बाळ, आजारी माणूस, परीक्षेला बसलेली मुलं असतील तर त्रास होतो, हे मी नाकारणार नाही. आमच्या घरीही झाला. दोन पदरी काचांच्या खिडक्या बसवल्या की बराच फरक पडतो. घर घेण्याआधी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी दोन तास तिथे बसून बघा. बिल्डर रविवारी फ्लॅट दाखवतो, त्याने काही कळत नाही.

धावपट्टी १०/२८ म्हणजे काय?

दिशा. १० म्हणजे होकायंत्रावर सुमारे १०० अंश, २८ म्हणजे २८० अंश. पट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. पश्चिम टोक टिंगरेनगर-विश्रांतवाडीच्या अंगाला, पूर्व टोक वाघोलीच्या दिशेला. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं आणि उतरतं, म्हणून वारा फिरला की विमानांची दिशाही फिरते. "आज विमानं उलटी का चाललीत?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

प्रवासी विमान कधीकधी खूप वेळ का अडकून राहतं?

एकच धावपट्टी, आणि दोन घरं तिच्यावर चालतात. हवाई दलाचा सराव ठरलेल्या वेळी असतो. त्या वेळात सुखोईच्या जोड्या निघतात, परततात, कधी उतरता उतरता पुन्हा वर जातात. परतणाऱ्या लढाऊ विमानात इंधन मोजकं असतं, त्याला आकाशात ताटकळत ठेवता येत नाही. अशा वेळी प्रवासी विमान थांबतं.

दुसरीकडे प्रवाशांचा आकडा वाढतोच आहे. २०२४-२५ मध्ये वर्षाचे प्रवासी एक कोटीच्या वर गेले. नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झालं आणि १४ जुलैपासून ते वापरात आलं. बसायला जागा वाढली, पण धावपट्टी तेवढीच राहिली. वाड्याची ओसरी कितीही रुंद केली तरी दरवाजा एकच आहे.

इथून अमेरिका-युरोपची थेट मोठी विमानं का नाहीत?

धावपट्टीची लांबी सुमारे अडीच किलोमीटर आहे. इंधनाने भरलेल्या अवजड विमानाला ती अपुरी पडते, त्यात पठाराची उंची आणि उन्हाळ्यातली विरळ हवा यांची भर. धावपट्टी वाढवायची चर्चा बरीच वर्षं चालू आहे, पण त्यासाठी बाजूची जमीन लागते आणि ती आता वस्तीने वेढलेली आहे.

विमानतळ मध्यंतरी बंद का ठेवला होता?

धावपट्टीच्या नूतनीकरणासाठी. २६ ऑक्टोबर २०२० पासून रात्रीची उड्डाणं बंद ठेवून काम सुरू झालं आणि शेवटच्या टप्प्यात १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस सगळंच बंद होतं. पट्टी हवाई दलाची असल्याने कामाचं वेळापत्रकही त्यांचंच.

घर बांधताना हवाई दलाची परवानगी लागते का?

तळाच्या परिसरात लागते, आणि ती गांभीर्याने घ्या. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या एकत्र करतात. पहिली उंचीची: विमान ज्या उतारावरून खाली येतं, त्या उतारात इमारत, मोबाइलचा मनोरा, होर्डिंग काहीही घुसता कामा नये. त्यामुळे धावपट्टीपासून जितकं लांब, तितकी उंची जास्त मिळते. दुसरी सुरक्षेची: १९०३ चा वर्क्स ऑफ डिफेन्स कायदा संरक्षण खात्याच्या हद्दीलगतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध घालतो. मजले कमी करून पहिली अडचण सुटेल, दुसरी सुटणार नाही.

फ्लॅट घेताना बिल्डरकडे ना हरकत दाखल्याची प्रत मागा आणि त्यातली उंची मंजूर नकाशाशी ताडून बघा. दाखल्यात उंची बहुधा समुद्रसपाटीपासून दिलेली असते, जमिनीपासून नव्हे. लोक इथेच फसतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने वरच्या मजल्यावर घर नोंदवलं, आणि पुढे दोन मजले कमी झाल्यावर पैसे परत मिळवायला त्यांची चार वर्षं गेली.

फोटो, ड्रोन, लेझर, पतंग यांचं काय?

तळाचे, तिथल्या विमानांचे, जमिनीवरून सरकणाऱ्या प्रवासी विमानाच्या खिडकीतून दिसणाऱ्या हँगरचे फोटो किंवा रील काढू नका. मनाई आहे आणि कारवाई होते.

ड्रोन तळाच्या आसपास उडवायचाच नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार लाल, पिवळे आणि हिरवे पट्टे ठरलेले आहेत. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. लग्नाच्या शूटिंगवाल्यांना हे सांगावं लागतं, कारण बरेच जण ते कानाआड करतात.

लेझरबद्दल जरा कळकळीने सांगतो. गणपतीत, लग्नाच्या वरातीत प्रखर झोत आकाशात सोडतात. खालून ती बारीक रेघ दिसते. उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यात गेली की कॉकपिटची काच उजळून निघते आणि काही क्षण समोरचं दिसत नाही. त्या क्षणी विमान धानोरीच्या गच्च्यांवर असतं. आपल्याच डोक्यावर.

कचऱ्यावरून हवाई दल एवढं का बोलतं?

कारण कचऱ्यावर घारी येतात. चिकनच्या दुकानातली घाण रस्त्याकडेला टाकली की तासाभरात आकाशात चकरा सुरू होतात. किलोभर वजनाची घार वेगातल्या विमानावर आदळली तर काच फुटते, इंजिनात गेली तर पाती तुटतात. विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरं कापायला आणि पक्षी येतील असा कचरा टाकायला विमान नियमांत मनाई आहे. पिशवी नीट बांधून घंटागाडीत टाकणं, इतकं साधं काम आहे.

इथे अपघात झाले आहेत का?

झाले आहेत. अलीकडचा लोकांच्या लक्षात राहिलेला १४ ऑक्टोबर २०१४ चा. तळाकडे परतणारं सुखोई थेऊरजवळच्या शेतात कोसळलं. दोन्ही वैमानिक आसनासह बाहेर फेकले गेले आणि वाचले, जमिनीवरही कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर तपासणीसाठी देशभरातली सगळी सुखोई विमानं काही काळ जमिनीवर ठेवली होती.

पुरंदरचा नियोजित विमानतळ झाला की हा बंद होईल का?

हवाई तळ बंद होणार नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रवासी वाहतूक किती हलते, एवढाच विषय आहे. त्यामुळे "आवाज थांबेल" या आशेवर कुणी इथे जागा घेऊ नये.

आत जाऊन बघता येतं का?

सर्वसामान्यांना येत नाही. मुलांना लढाऊ विमान जवळून दाखवायचं असेल तर घोरपडीजवळच्या दक्षिण कमांडच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात न्या. तिथे मिग-२३ बीएन ठेवलेलं आहे. उडताना पंख पुढेमागे करणारं हे विमान, पंखाच्या मुळाशी उभं राहून बघितलं की ती रचना चांगली समजते.

मुलीला वैमानिक व्हायचं आहे. काय करावं?

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित ठेवा. बारावीनंतर एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) परीक्षा, पदवीनंतर ॲफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा. लढाऊ विमानांचा मार्ग मुलींसाठी २०१६ मध्ये खुला झाला. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, १७ जणी, ३० मे २०२५ रोजी आपल्या खडकवासल्यातून बाहेर पडली. डोळ्यांची तपासणी मात्र लवकर करून घ्या. तिथे अडलं तर वैमानिकाऐवजी दुसरी शाखा निवडायला वेळ मिळतो.

सुखोई उतरताना नीट कुठून दिसतं?

कुंपणालगत गाडी थांबवू नका, पहारेकरी हटकतात आणि ते त्यांचं कामच आहे. धानोरी, टिंगरेनगरकडे कुणाच्या गच्चीवर जायची सोय असेल तर सकाळी जा. मान उंच करून येणारा साप दिसावा तसं ते येतं, नाक वर, मागची चाकं आधी टेकतात आणि थोडा धूर उठतो. मग शेपटीमागून ब्रेक पॅराशूट उघडतं आणि एवढं मोठं धूड बघता बघता मंदावतं. पट्टीच्या टोकाला ते पॅराशूट सोडून देतं. लगेच जवान गाडीतून येतात, ते गोळा करतात आणि पट्टी मोकळी करून देतात. तोवर दुसरं विमान रांगेत आलेलं असतं.